फितीवर किती वेळ मावतो?

आपल्याकडे 'व्हिडिओ' हा शब्द घराघरांत पोचला तो सिनेमाचे बोट धरून. 'आज आमच्याकडे व्हिडिओ लावलाय' याचा १९८०च्या दशकातला अर्थ अगदी स्पष्ट होता. कोणीतरी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला आहे, रात्रभरात तीन सिनेमे होणार आहेत आणि चाळीतल्या किंवा आळीतल्या सर्वांना येण्याची मोकळीक आहे. त्यामुळे हे यंत्र जन्मले तेच मुळी सिनेमे दाखवण्यासाठी, असा समज आपल्याकडे रुजला. ज्यांनी ते घडवले त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र वेगळा होता. दूरचित्रवाणीवर ठरल्या वेळी लागणारा कार्यक्रम घरच्या घरी टिपून ठेवायचा आणि सवडीने पाहायचा, तर त्यासाठी फीत कशी असावी? तिची रुंदी किती, वेग किती, कॅसेट केवढी, आणि तिच्यात वेळ किती मावावा?

या प्रश्नाची दोन उत्तरे जपानमध्ये सुमारे दीड वर्षाच्या अंतराने बाजारात आली. सोनी कंपनीची बेटामॅक्स मे १९७५मध्ये आणि जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस ऑक्टोबर १९७६मध्ये. दोन्हींची फीत अर्धा इंच रुंदीचीच. पण एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात जात नसे. ग्राहकाला दोहोंपैकी एक निवडणे भाग होते. या स्पर्धेची जी हकिकत सांगोवांगी प्रसिद्ध आहे ती अशी, की बेटामॅक्स गुणवत्तेत सरस होती, पण बाजारपेठेच्या डावपेचांत व्हीएचएस जिंकली. उत्तम वस्तू हरते आणि सुमार वस्तू जिंकते, याचा दाखला म्हणून व्यवस्थापनाच्या वर्गांतही ती सांगितली जाते.

मी अभियंता नाही. जुनी यंत्रे उघडून पाहत आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका वाचत जे समजत गेले, त्याच्या आधारे ही हकिकत तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात निव्वळ यंत्रांचे कुतूहल नाही. त्या काळातले दूरचित्रवाणीचे जे काही आज शिल्लक आहे, त्याचा बराच भाग घरातल्या कपाटांत या कॅसेटींवर आहे आणि त्याची मुदत आता संपत आली आहे.

चित्र फितीवर उतरते कसे

ध्वनिफितीचे गणित सोपे आहे. गाण्याच्या कॅसेटमध्ये फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने एका स्थिर चुंबकीय शिरासमोरून, म्हणजे हेडसमोरून सरकते. चित्राचा संकेत मात्र आवाजाच्या तुलनेत शेकडो पट वेगाने बदलतो. तो याच पद्धतीने टिपायचा तर फीतही तशीच पळवावी लागते. बीबीसीने १९५८मध्ये 'व्हेरा' नावाच्या यंत्रात हा प्रयोग करून पाहिला. त्यात फीत सेकंदाला पाच मीटरहून अधिक वेगाने धावे आणि पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमाला साडेचार किलोमीटर फीत लागे. हा मार्ग पुढे जाणारा नव्हता.

खरा मार्ग अमेरिकेच्या अँपेक्स कंपनीने १९५६मध्येच दाखवला होता. फीत संथ चालू द्यायची आणि हेडच गरगर फिरवायचे. अँपेक्सच्या यंत्रात चार हेड दोन इंच रुंद फितीवर आडव्या रेघा ओढत. ते यंत्र प्रक्षेपण केंद्रांसाठी होते. त्याची किंमत पन्नास हजार डॉलरच्या घरात होती आणि आकार एखाद्या ओट्याएवढा. घरगुती यंत्रांत याच कल्पनेचे सुटसुटीत रूप आले. एक तिरका बसवलेला दंडगोल, त्यावर समोरासमोर दोन हेड, आणि दंडगोलाभोवती लपेटून सरकणारी फीत. हेड फिरताना फितीवर तिरक्या, एकमेकींना लगटून असलेल्या रेघा उमटतात. आपल्याकडच्या पद्धतीत दंडगोल सेकंदाला पंचवीस फेरे घेतो आणि प्रत्येक रेघेत चित्राचे एक अर्ध, म्हणजे एकाआड एक ओळी साठतात.

आता निवडीचा पेच इथून सुरू होतो. दंडगोल मोठा घेतला तर हेड फितीवरून अधिक वेगाने घासते आणि चित्राचे बारकावे थोडे अधिक उतरतात. बेटामॅक्सचा दंडगोल साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटर व्यासाचा, व्हीएचएसचा बासष्ट. म्हणजे बेटामॅक्सचा लेखनवेग सुमारे वीस टक्क्यांनी जास्त. 'बेटा सरस' या म्हणण्याला आधार आहे तो एवढा. दुसरी बाजू फितीच्या वेगाची. फीत जितकी हळू सरकेल तितक्या रेघा अरुंद होतात आणि चित्रात खरखर वाढते, पण कॅसेट जास्त वेळ पुरते. म्हणजे फितीच्या प्रत्येक मीटरमागे निर्मात्याला ठरवावे लागे, की ती चित्राच्या दर्जावर खर्च करायची की वेळेवर.

एक तास आणि दोन तास

बेटामॅक्सच्या कर्त्यांनी आटोपशीर कॅसेट आणि चांगले चित्र यांना पसंती दिली. सुरुवातीच्या बेटामॅक्समध्ये फीत सेकंदाला चार सेंटिमीटर सरके आणि कॅसेट एक तास चाले. सोनीचे अध्यक्ष आकिओ मोरिता यांना या यंत्राचा उपयोग पक्का ठाऊक होता. कार्यक्रमाची वेळ प्रक्षेपण केंद्राने ठरवायची हे त्यांना मान्य नव्हते. वेळ पुढे सरकवता येणे हीच त्यांची कल्पना होती. दूरचित्रवाणीचे बहुतेक कार्यक्रम अर्ध्या किंवा एका तासाचे असतात, तेव्हा एक तास पुरेसा आहे, असा हा हिशेब होता.

जेव्हीसीमध्ये युमा शिराइशी आणि शिझुओ ताकानो यांनी १९७१पासूनच घरगुती यंत्राकडून असलेल्या अपेक्षांची एक यादी तयार केली होती. यंत्र कोणत्याही साध्या टीव्हीला जोडता यावे, एका यंत्रावरची कॅसेट दुसऱ्या यंत्रावर चालावी, किंमत आवाक्यात असावी, वापर सोपा असावा, अशा त्या अपेक्षा होत्या. त्यांतच एक होती: किमान दोन तास मुद्रण. मधल्या काळात कंपनीने हे काम अधिकृतपणे गुंडाळले, तरी त्यांनी ते चालू ठेवले. सोनीने बेटामॅक्स बाजारात आणण्यापूर्वी जेव्हीसीला आणि तिची पालक कंपनी मात्सुशिता हिला आपले यंत्र दाखवले आणि सर्वांनी हेच मानक स्वीकारावे असे सुचवले. ते घडले नाही. व्हीएचएसची कॅसेट आकाराने मोठी, तिच्यात फीत जास्त लांब आणि फितीचा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटरच्या थोडा वर. या तिन्ही गोष्टी एकाच उद्देशाने ठरल्या होत्या: दोन तास.

एक तासाचा फरक केवढा ठरावा? सिनेमा टिपायचा तर एक तासाच्या कॅसेटवर तो मावत नाही. मध्ये कॅसेट बदलावी लागते, म्हणजे माणूस घरी हजर हवा. जो घरी हजर आहे त्याला टिपून ठेवण्याची गरजच काय? यंत्राचा मूळ उद्देशच इथे लंगडा पडतो. अमेरिकेत आरसीए कंपनीला हे चटकन उमगले. तिथल्या फुटबॉलचा सामना तीन तासांहून लांबतो. आरसीएने मात्सुशिताकडे चार तासांचे यंत्र मागितले. मात्सुशिताने व्हीएचएसच्या फितीचा वेग निम्मा करून ते दिले. चित्राचा दर्जा खालावतो म्हणून जेव्हीसीची मंडळी नाराज होती, तरीही. १९७७मध्ये ते यंत्र हजार डॉलरला, सोनीच्या यंत्रापेक्षा कमी किमतीत विक्रीला आले. एकदोन वर्षांतच व्हीएचएसचा खप बेटामॅक्सच्या पुढे गेला.

सोनीने स्वस्थ बसून हे पाहिले असे नाही. तिनेही १९७७मध्येच बेटामॅक्सचा वेग निम्म्यावर आणला आणि दोन तास मिळवले. पण वेग निम्मा होताच चित्राच्या सरसपणातला मोठा हिस्सा निघून गेला. दोन्ही यंत्रे समान वेळेसाठी वापरली, तर साध्या टीव्हीवर फरक डोळ्यांना जाणवणे कठीण होते. म्हणून लोकांनी उत्तम वस्तू नाकारली, हे म्हणणे अपुरे आहे. त्यांनी चित्राच्या थोड्या बारकाव्यांच्या बदल्यात पूर्ण कार्यक्रम घेतला. शेवटची वीस मिनिटे नसलेला सामना कितीही स्वच्छ दिसला तरी त्याचा उपयोग काय?

आपल्याकडचा हिशेब

हेच स्पष्टीकरण भारताला जसेच्या तसे लावता येत नाही. अमेरिकेत आणि जपानमध्ये दूरचित्रवाणीची पद्धत एनटीएससी. आपल्याकडे युरोपातल्या बऱ्याच देशांप्रमाणे पाल. पालसाठी बनवलेल्या यंत्रांत फितीचे वेग वेगळे होते. ई-१८० ही व्हीएचएस कॅसेट आपल्याकडे तीन तास चाले. बेटामॅक्सची एल-७५० सव्वातीन तास. हिंदी सिनेमा दोन्हींवर मावत होता. म्हणजे ज्या मुद्द्यावर अमेरिकेत स्पर्धेचा निकाल लागला, तो मुद्दा इथे शिल्लकच नव्हता. बेटामॅक्सची यंत्रे आपल्याकडेही आली होती. मग इथेही व्हीएचएसच का?

एक कारण यंत्रे कुठून आली यात आहे. रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८२ला सुरू झाले, त्याच वर्षाअखेर दिल्लीत एशियाड झाले आणि टीव्ही-व्हिडिओचा ओघ वाढला. व्हीसीआर बहुतांशी बाहेरून येत. अमेरिकेतल्या नातेवाइकाने प्रेमाने आणलेले यंत्र इथे निरुपयोगी ठरे; विजेचा दाब वेगळा आणि पद्धतही वेगळी. तिकडून आलेल्या लग्नाच्या कॅसेटही याच कारणाने इथे दिसत नसत. दुबई, कुवेत, मस्कत, सिंगापूर इथे मात्र पाल पद्धत होती. तिथे नोकरीला गेलेली कोकणातली, मुंबईतली, केरळातली माणसे सुटीवर येताना जे यंत्र आणत ते इथे तसेच्या तसे चाले. हा ओघ सुरू झाला तोवर जगात व्हीएचएसने आघाडी घेतलेली होती, आणि त्या दुकानांत 'नॅशनल', 'अकाई' यांची व्हीएचएस यंत्रे मांडलेली होती.

दुसरे कारण शेजाऱ्याचे. आपल्याकडे एकट्याने कॅसेट विकत घेऊन पाहणारे थोडे. कॅसेट लायब्ररीतून येई, लायब्ररीतून शेजारी जाई, शेजाऱ्याकडून मेव्हण्याकडे. लायब्ररीवाल्याने एकाच सिनेमाच्या दोन प्रकारच्या कॅसेटी ठेवण्यात अर्थ नव्हता. त्याने गिऱ्हाईक जास्त तो प्रकार ठेवला. मग नव्या गिऱ्हाइकाने लायब्ररीत काय मिळते ते पाहून यंत्र घेतले. अशा रीतीने थोडी आघाडी वाढत वाढत पूर्ण होते. बेटामॅक्सवाल्याला शेवटी देवाणघेवाणीला कोणी उरत नसे.

टीव्हीवरून टिपण्याचे काम या यंत्रावर दुय्यम म्हणून होई, पण होई. कार्यक्रम दूरदर्शन या एकाच वाहिनीचे, तेही दिवसाचे मोजके तास. अर्ध्या तासाच्या मालिकेचे सहा भाग एका ई-१८०वर बसत. रामायण मालिका २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी लागे. साधारण पस्तीस मिनिटांचा एक भाग धरला, तर एका कॅसेटवर पाच भाग. अठ्ठ्याहत्तर भागांना सोळा कॅसेटी. कोऱ्या कॅसेटची किंमत पाहता हा खर्च लहान नव्हता. म्हणून बहुतेक घरी एक-दोन कॅसेटी 'टेप करायच्या' म्हणून ठेवलेल्या असत आणि त्यांवरच पुन्हा पुन्हा मुद्रण होई. वीज गेली की यंत्राचे घड्याळ शून्यावर येई आणि लावून ठेवलेली वेळ पुसली जाई. त्यामुळे टाइमरवर विसंबण्यापेक्षा घरच्या एखाद्या मुलाला 'बरोबर नऊ वाजता बटण दाब' असे बजावून ठेवणे अधिक भरवशाचे असे.

पाहा आणि पुसा

टिपायचे, एकदा पाहायचे आणि पुसायचे, ही सवय केवळ आपल्या काटकसरीची नव्हती. अमेरिकेत युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रसंस्थांनी १९७६मध्ये सोनीवर दावा लावला. घरी कार्यक्रम टिपणे म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग आहे आणि तसे यंत्र विकणारी सोनी त्याला जबाबदार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. खटला सात वर्षांहून अधिक काळ चालला. खालच्या न्यायालयाने सोनीच्या बाजूने कौल दिला, अपील न्यायालयाने तो फिरवला आणि १७ जानेवारी १९८४ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनीला निर्दोष ठरवले. निकालात महत्त्वाचा ठरला तो लोकांचा प्रत्यक्ष वापर. सामान्य माणूस हे यंत्र प्रामुख्याने जो कार्यक्रम त्या वेळी पाहता येत नाही तो टिपून नंतर एकदा पाहण्यासाठी वापरतो, आणि हा वापर न्याय्य आहे, असे न्यायालयाने मानले.

म्हणजे यंत्र कार्यक्रम जपण्यासाठी घडलेले नव्हते, ते विकत घेणाऱ्यांचा मुख्य हेतूही तो नव्हता, आणि कायद्याने जे मान्य केले तेही मुख्यतः 'नंतर एकदा पाहणे' हेच. गंमत अशी, की ज्यांचे काम जपण्याचे होते त्या प्रक्षेपण संस्थाही तेव्हा फिती पुसत होत्या. चुंबकीय फीत महाग होती, पुन्हा वापरता येत होती, आणि एकदा दाखवलेल्या कार्यक्रमाला पुढे किंमत येईल असे कोणाला वाटत नव्हते. बीबीसीने १९७०च्या दशकाअखेरपर्यंत शेकडो कार्यक्रम असे गमावले. तिथल्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे अनेक जुने भाग चित्रासह उरलेले नाहीत. पण त्या सर्व हरवलेल्या भागांचा आवाज उपलब्ध आहे, कारण चाहत्यांनी घरी टीव्हीजवळ ध्वनिमुद्रक ठेवून तो टिपला होता. आपल्या दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातही फिती पुन्हा वापरण्याची पद्धत होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले. त्यानंतरच्या पहिल्या दशकातले कितीतरी मराठी कार्यक्रम आज ते पाहिलेल्यांच्या आठवणीतच उरले आहेत.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या मॅरियन स्टोक्स यांचे. १९७९च्या अखेरीस इराणमधले ओलीस प्रकरण गाजू लागले, तेव्हापासून या बाईंनी बातम्यांच्या वाहिन्या अखंड टिपायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१२मध्ये मृत्यू येईपर्यंत ते थांबवले नाही. एकाच वेळी अनेक यंत्रे चालू असत आणि कॅसेट संपण्याच्या वेळेभोवती घरातले जेवणखाणही बेतलेले असे. त्यांच्यामागे बेटामॅक्स आणि व्हीएचएस मिळून सुमारे सत्तर हजार कॅसेटी राहिल्या. त्या आता इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे आहेत. हा संग्रह एका घरात शक्य झाला तो फितीवर मावणाऱ्या वेळेमुळे. अमेरिकन व्हीएचएस यंत्र सर्वांत संथ वेगावर ठेवले की एक कॅसेट सहा तास चाले. तासाभराच्या कॅसेटवर हेच काम दिवसाला प्रत्येक वाहिनीमागे चोवीस वेळा उठून करावे लागले असते.

कपाटातल्या कॅसेटी

सोनीने १९८८मध्ये स्वतःच व्हीएचएस यंत्रे करायला घेतली, तेव्हा स्पर्धा संपली. बेटामॅक्स यंत्रांचे उत्पादन २००२मध्ये आणि कॅसेटींचे मार्च २०१६मध्ये थांबले. त्याच वर्षी जुलैमध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीएचएस यंत्रे बनवणे बंद केले. ती या क्षेत्रातली शेवटची मोठी उत्पादक होती. जिंकलेली आणि हरलेली पद्धत एकाच वर्षात निकालात निघाल्या. आता जी यंत्रे चालू आहेत तीच काय ती उरली. त्यांचे रबरी पट्टे सैल पडत आहेत, हेड झिजत आहेत आणि दुरुस्तीची कारागिरी जाणणारी माणसे वयस्क झाली आहेत.

फितीचेही आयुष्य मर्यादित. पॉलिएस्टरच्या पट्टीवर लोहाचे सूक्ष्म कण एका चिकट द्रव्याने धरून ठेवलेले असतात. दमट हवेत ते द्रव्य बिघडते आणि फितीवर बुरशी येते. मुंबईच्या आणि कोकणाच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या कॅसेटीच्या खिडकीतून पांढरट ठिपके दिसू लागले, तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटीला लागते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. चांगल्या कॅसेटी पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, कोरड्या जागी ठेवाव्यात. आणि पहिल्यांदा लावून पाहतानाच संगणकात उतरवण्याची व्यवस्था तयार ठेवावी, कारण जुनी फीत दुसऱ्यांदा नीट चालेल याची खात्री नसते.

सगळ्या कॅसेटी उतरवणे बहुतेकांना परवडत नाही. तेव्हा पुन्हा निवड आली. लोक सहसा सिनेमांच्या कॅसेटी आधी काढतात. त्यांवर छापील वेष्टन असते, त्या मौल्यवान वाटतात. पण तो सिनेमा दुसरीकडे, याहून चांगल्या रूपात सापडण्याची शक्यता मोठी असते. लग्न-मुंजीच्या कॅसेटी कुटुंबासाठी अर्थातच पहिल्या. त्यांच्यानंतर हातात घ्यावी ती वेष्टन नसलेली, खोडलेल्या आणि पुन्हा लिहिलेल्या अक्षरांची, 'टेप करायची' कॅसेट. तिच्यावर एखाद्या सामन्याची शेवटची षटके असतील, त्यामागे अर्धवट पुसलेल्या मराठी नाटकाचा एक अंक, मध्ये बातम्या, निवेदिकेचे दोन शब्द, जाहिराती आणि 'व्यत्यय' ही पाटी. त्या संध्याकाळचे प्रक्षेपण असे सलग आज कुठेच नसण्याचा संभव आहे.

अशी कॅसेट ओळखायची एक खूण सांगतो. व्हीएचएस कॅसेटच्या कण्याकडच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर नवे मुद्रण होत नाही. पट्टी मोडलेली आणि कॅसेट घरी टिपलेली असेल, तर कोणीतरी त्या वेळी ठरवले होते की हे पुसायचे नाही. आणि मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावलेली असेल, तर पुढे कोणाचा तरी विचार बदलला होता. पट्टी मोडलेली कॅसेट आधी उतरवावी; पण चिकटपट्टीवालीही फेकून देऊ नये. नवे मुद्रण जिथे संपते त्याच्या पुढे जुने अजून शिल्लक असू शकते.